दुसरी संधी मिळालेला हिरो इंटरव्हलनंतर बोअर का होतो?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. तुम्ही ११२ पानांची कॉमेडी लिहिलीय. हिरो ४९ वर्षांचा, आयुष्य अकाउंट्समध्ये गेलेलं. कंपनी विकली जाते, नवे मालक सगळ्यांची कागदपत्रं तपासायला घेतात आणि बाहेर येतं की या माणसाचा शेवटच्या वर्षाचा एक विषय राहिलेला आहे, डिग्री हातात कधी आलीच नव्हती. नोकरी जाते. जुना कोर्स बंद झालाय म्हणून अख्खं वर्ष परत करावं लागतं आणि त्याच वर्गात त्याची वीस वर्षांची मुलगी बसलेली. पहिली ५५ पानं वाचताना लोक खळखळून हसले, पुढे हसणं बंद झालं, आणि दोघा-तिघांनी 'सेकंड हाफ लेक्चर वाटतो' असं तोंडावर सांगितलं. तुमचे प्रश्न तीन: पंच, म्हणजे हशा घेणारी वाक्यं, वाढवू का, हा योगायोग लोकांना पटेल का, आणि शेवटी तो पास व्हावा की नापास.

मी गेली बावीस वर्षं पटकथा-संवाद लिहितेय आणि त्यातला निम्मा वेळ दुसऱ्यांच्या स्क्रिप्ट दुरुस्त करण्यात गेलाय, त्यामुळे हा आजार मी बऱ्यापैकी जवळून पाहिलाय, स्वतःच्या लिखाणातही. पंच वाढवून काही होणार नाही. तुम्ही जी सीनची यादी दिलीय त्यात पान ५८ वर हिरोला मुलीची डायरी सापडते, तो ती वाचतो, रडतो, आणि दुसऱ्या दिवसापासून सुधारतो. म्हणजे उरलेली ५४ पानं आपण एका चांगल्या माणसाला नीट अभ्यास करताना, बायकोची माफी मागताना आणि मुलीला समजून घेताना बघतो. आता मला सांगा, यात हसायचं कशाला? तुम्ही कितीही भारी जोक लिहा, ते त्याच्या आजूबाजूच्या लोकांच्या तोंडी जाणार, कारण त्याच्यात हसण्यासारखं काही उरलेलंच नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत हे मान्य. तुम्हाला जर गालातल्या गालात हसवणारा, हळवा सिनेमा करायचा असेल तर पान ५८ चा बदल चालूनही जाईल. नट कोण मिळतो यावरही बरंच आहे, टायमिंगवाला नट असेल तर तो कोरड्या पानांतूनही चार-पाच हशे काढतो, पण तो मिळेलच असं धरून लिहू नका. आणि थिएटरऐवजी घरी बघायचा सिनेमा असेल तर इंटरव्हलचं गणितच वेगळं होतं. पण 'लोक हसायचे थांबले' ही तुमचीच तक्रार आहे, तेव्हा मी ती धरूनच बोलते.

दुसऱ्या संधीच्या कॉमेडीत माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग असतो तो म्हणजे माणूस ती संधी वाया घालवतो तो. नशिबाने दार उघडलं की तो आत जाऊन तेच करतो जे आधी करत होता, फक्त आता जास्त जोरात, जास्त आत्मविश्वासाने. हसू तिथे असतं. 'ग्राउंडहॉग डे' (१९९३, दिग्दर्शक हॅरॉल्ड रॅमिस) तुम्ही पाहिला असेलच, नसेल तर आधी तो बघा. टीव्हीवर हवामान सांगणारा फिल एका छोट्या गावात २ फेब्रुवारीला अडकतो, रोज सकाळी तोच दिवस परत उजाडतो. आता हे कळल्यावर हा गृहस्थ काय करतो? रेल्वेच्या रुळावर गाडी घालतो. एका बाईला तिची शाळा, तिच्या बाई कोण होत्या हे विचारून घेतो आणि दुसऱ्या दिवशी जुना वर्गमित्र म्हणून तिच्यासमोर उभा राहतो. पैशाच्या गाडीतून थैली पळवतो. मग रीटा नावाच्या सहकारी बाईला पटवण्यासाठी तिच्या आवडीनिवडी एकेक दिवस गोळा करत राहतो आणि रोज रात्री थोबाडीत खातो. त्यानंतर निराशा, मरायचे प्रयत्न, आणि खरोखर सुधारायला लागतो तो निम्म्याहून जास्त सिनेमा संपल्यावर.

बरं, सुधारल्यावर तरी विनोद थांबतो का, तर नाही, आणि ही गोष्ट फार लोक बघतच नाहीत. फिल चांगली कामं करतो ती टाइमटेबल लावून. ठरलेल्या मिनिटाला झाडावरून एक पोरगा पडणार हे त्याला पाठ आहे, म्हणून तो धावत जाऊन त्याला झेलतो, आणि पोरगा दरवेळी नुसता पळून जातो, एकदाही थँक्यू म्हणत नाही. फिल त्याच्या मागे ओरडतो. म्हणजे माणूस चांगला झालाय पण वैतागणं तेच आहे! जुना फिल आत शिल्लक आहे म्हणून तो चांगुलपणा गोड लागतो. तुमचा हिरो डायरी वाचून धुऊन पुसून स्वच्छ होतो तिथे तुमचं हसू वाहून गेलं.

आता पुढचा मुद्दा, ज्यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे. तुमच्या हिरोत नेमका दोष काय? तुम्ही लिहिलंय 'तो घराकडे लक्ष देत नाही'. ही त्याच्या बायकोची तक्रार झाली. कॅमेरा लावून मी काय शूट करू, लक्ष न देणारा माणूस? पेपर वाचताना दाखवू? कॉमेडीतला दोष असा हवा की तो सवय म्हणून दिसतो, कुठल्याही खोलीत, कुणाही समोर, एका मिनिटात. 'टूट्सी' (१९८२, सिडनी पोलॅक) मध्ये डस्टिन हॉफमनचा नट इतका हेकट असतो की जाहिरातीत टोमॅटो झालेला असताना 'टोमॅटो खाली कसा बसेल' म्हणून दिग्दर्शकाशी वाद घालतो आणि काम घालवून बसतो. बस, माणूस कळला. आणि गंमत अशी की पुढे तो बाई बनून ऑडिशन द्यायला जातो तेव्हाही असाच दिग्दर्शकाशी भांडतो, पण आता त्या भांडणामुळेच काम मिळतं. स्वभाव तोच, जागा बदलली आणि निकाल उलटा लागला. दुसरी संधी म्हणजे लेखकाच्या हातात नेमकी ही सोय असते.

तुमच्या माणसाला मी एक सवय देऊन बघितली, आवडली तर घ्या: तो 'मला माहीत नाही' असं कधीच म्हणत नाही. कशालाही उत्तर असतंच. रस्ता विचारला, पत्ता माहीत नसला तरी सांगणार. डॉक्टरला औषध सुचवणार. आता असा माणूस कॉलेजच्या बाकावर बसवा, जिथे दिवसाला दहा वेळा समोरून प्रश्न येतो.

सीन असा. बिझनेस लॉचं लेक्चर. मॅडम पंचविशीतल्या, पहिलीच नोकरी. त्या विचारतात, तोंडी करार ग्राह्य असतो का? मुलं गप्प. याला माहीत नाही, पण नोकरीत सत्तावीस वर्षं काढल्येत, तो उभा राहतो आणि सुरू होतो: 'लेखी नाही तो करार नाही, त्या गप्पा.' दहा मिनिटं बोलतो, अनुभवाचे दाखले देतो, मॅडमना मध्ये बोलायला जागाच मिळत नाही, बेल होते. अख्ख्या वर्गाने ते वाक्य वहीत उतरवून घेतलंय, कारण माणसाचे केस पांढरे आहेत. दोन आठवड्यांनी टेस्ट. मॅडम पेपर तपासत बसल्यात, पहिला पेपर: 'लेखी नाही तो करार नाही, त्या गप्पा.' दुसरा, तेच. तिसरा, तेच. सत्तेचाळीस मुलांच्या वर्गात सेहेचाळीस पेपरांत शब्दशः एकच चुकीचं वाक्य, स्वल्पविरामासकट. (बहुतेक व्यवहारांत तोंडी करारही कायद्याने चालतो, फक्त सिद्ध करणं अवघड जातं.) अख्ख्या वर्गावर कॉपीचा आळ. फक्त एका मुलीचं उत्तर बरोबर, ती त्याची मुलगी. मॅडम तिला विचारतात, तू बरी यांच्यात सामील नाही झालीस? ती म्हणते, 'मी घरी वीस वर्षं ऐकतेय मॅडम, म्हणून नाही लिहिलं.'

या एका सीनमध्ये काय काय झालं बघा. लोक हसले. सेहेचाळीस जणांचं नुकसान झालं, म्हणजे पुढच्या चार सीनची सोय झाली, कारण आता अख्खा वर्ग याच्या मागे लागणार. मुलगी बापाबद्दल काय समजते ते कळलं, आणि ते तिने रडून सांगितलेलं नाही. बापाला लागलं, पण त्याला ते लागलंय हे कबूल करता येत नाही कारण मग 'मला माहीत नव्हतं' म्हणावं लागेल. तुमच्या डायरीने जे काम केलं तेच हे करतंय, फक्त विनोद चालू ठेवून. आणखी एक उपफायदा: या माणसाने घरी जी तोंडी वचनं दिली आणि विसरला, ती आता मुलीच्या हातात सापडली. एखाद्या रात्री ती नुसतं एवढंच म्हणू दे, 'बाबा, तोंडी पण चालतं म्हणे.'

हे मी शहाणपणाने सांगतेय असं वाटेल, तर माझी फजितीही ऐका. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सिनेमाचे संवाद माझे होते, आमच्या हिरोला हार्टअ‍ॅटॅक येतो आणि शुद्धीवर येतो तो थेट संत होऊनच. कागदावर आम्हाला सगळ्यांना ते फार सुंदर वाटलं होतं, निर्मात्यांना गोष्ट वाचून दाखवली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एडिट झाल्यावर तीसेक लोकांना दाखवला. हॉस्पिटलच्या सीनपर्यंत हॉल दणाणत होता, आणि तिथून पुढे मला मागच्या रांगेतल्या माणसाच्या खुर्चीची करकर ऐकू यायला लागली, इतकी शांतता. मग आम्ही दोन दिवसांचं शूट वाढवून घेतलं आणि हिरो आयसीयूत नळ्या लावलेल्या अवस्थेत डॉक्टरशी बिलावर घासाघीस करतो असा एक सीन, आणि डिस्चार्जच्या दिवशी शेजारच्या पेशंटला स्वतःचा फळांचा करंडा विकतो असा दुसरा सीन घातला. कंजूषपणा हाच त्याचा मूळ स्वभाव होता, तो हार्टअ‍ॅटॅकने जाईल असं आम्ही का धरलं कोण जाणे. सिनेमा पूर्ण वाचला असं नाही म्हणणार, पण खुर्चीची करकर बंद झाली.

तेव्हापासून मी एक करते. ड्राफ्ट झाला की सात-आठ जणांना बसवून मोठ्याने वाचते, दुसऱ्या कुणाला तरी एक प्रत देते आणि जिथे लोक हसतील तिथे मार्जिनमध्ये टिंब द्यायला सांगते. मोठं हसू असेल तर दोन टिंबं. नंतर पानं जमिनीवर ओळीने मांडायची. सलग सहा-सात पानं टिंबाशिवाय गेली तर मी त्या पानांकडे बघत नाही, त्यांच्या आधीच्या पानाकडे बघते, कारण गडबड तिथे झालेली असते. तुमच्या बाबतीत ते पान ५८ निघेल, पैज लावते.

लेक्चरचं म्हणाल तर सिनेमात लेक्चर चालतं, फक्त ते कोण देतं यावर आहे. 'बधाई हो' (२०१८) आठवा. लग्नाच्या वयाचा मुलगा असलेल्या बाईला दिवस जातात. अचानक आयुष्य बदललंय ते त्या नवरा-बायकोचं, पण ते दोघं गप्प, लाजलेले, विनोद सगळा बाकीच्यांच्या चेहऱ्यावर: मुलं, शेजारी, नातेवाईक. आणि सुनेला सगळ्यात जास्त घालूनपाडून बोलणारी कोण, तर सासू, सुरेखा सिक्रींनी केलेली. पुढे लग्नघरात नातेवाईक त्या सुनेला नावं ठेवायला लागतात तेव्हा हीच सासू सगळ्यांना झाडते, चांगलं लांबलचक बोलते, आणि ते एक सेकंदही भाषण वाटत नाही, कारण तिच्याकडून ते येईल असं आपल्याला वाटलेलंच नसतं. त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तुमच्याकडे भाषण देतो तो हिरो, ज्याच्याकडून आपण ते पान ५८ पासून अपेक्षितच करतोय. द्यायचंच असेल तर ते त्या पंचविशीतल्या मॅडमना द्या, किंवा ज्याचे मार्क बुडाले अशा एखाद्या पोराला. माझं ऐकाल तर कुणालाच नको.

योगायोगाचं उत्तर छोटं आहे. सुरुवातीला एक मोठा योगायोग लोक आनंदाने मान्य करतात, गोष्ट त्यावरच उभी आहे हे त्यांना कळतं. शेवट योगायोगाने सोडवला तर मात्र चिडतात. त्यामुळे मुलगी त्याच वर्गात कशी याचं स्पष्टीकरण देत बसू नका, तुमची पान १९ ते २३ त्यातच गेली आहेत. 'ग्राउंडहॉग डे'च्या एका ड्राफ्टमध्ये स्टुडिओच्या आग्रहामुळे, दिवस परत परत का येतो याचं कारण घातलं होतं, जुन्या प्रेयसीचा शाप वगैरे. ते शूट झालंच नाही, आणि कुणाचं काही अडलं नाही.

हो, 'निल बटे सन्नाटा' (२०१६) शी तुलना होणार, तयारी ठेवा. तिथेही आई मुलीच्याच वर्गात येऊन बसते. पण घाबरून गोष्ट टाकून देऊ नका, उलट तिचं इंजिन बघा: आई शाळेत येते ती मुलीने अभ्यास करावा म्हणून, आणि दोघींत सौदा होतो की गणितात मुलीने जास्त मार्क मिळवले तर आई शाळा सोडेल. म्हणजे मुलीला आई नको असेल तर अभ्यास करण्यावाचून इलाज नाही. किती साधं आणि किती पक्कं! तुमच्या बाप-लेकीत असा काही सौदा नाहीये, दोघं नुसते एका वर्गात आहेत. माझ्या सीनमधला कॉपीचा आळ घेतलात तर तो सौदा आपोआप तयार होईल, मुलगी म्हणेल वर्गासमोर चूक कबूल करा नाहीतर घरात मी तुमच्याशी बोलणार नाही, आणि हा बाबा कबूल करणं सोडून बाकी सगळं करेल. सेहेचाळीस मुलांची खासगी शिकवणी घेईल, मॅडमच्या विरोधात अर्ज करेल, कायद्याचं पुस्तकच चुकीचं छापलंय असं सिद्ध करायला बसेल. तीस पानं निघतात यातून.

राहिला शेवट. पास की नापास हा प्रश्न मला थोडा चुकीच्या जागी वाटतो, मी आधी विचारेन की त्याला हे वर्ष मिळालं त्याबदल्यात त्याचं काय गेलं. 'बिग' (१९८८) मध्ये रातोरात मोठा माणूस झालेला पोरगा शेवटी परत लहान होतो, त्याला जे हवं होतं तेच मिळतं, पण त्याच्या प्रेमात पडलेली बाई गाडीपाशी उभी राहून ढगळ कोट घातलेल्या त्या मुलाला घरी जाताना बघते. एक शब्द जास्तीचा नाही. तुमच्या ड्राफ्टमध्ये हिरोला डिग्री मिळते, जुनी नोकरी मिळते, बायको खूश, मुलगी खूश, मॅडमचं लग्नसुद्धा जमतं. जरा हात आखडता घ्या. मी असते तर त्याला पास केलं असतं आणि नोकरी दिली नसती.

पण क्लायमॅक्स निकालात ठेवू नका, तोंडी परीक्षेत ठेवा. बाहेरचे परीक्षक, त्यांना हा कोण, कुठला, काही ठाऊक नाही. ते काहीतरी साधा प्रश्न विचारतात. याला उत्तर येत नाही. तोंड उघडतो, आपल्याला दिसतं की आत दहा मिनिटांचं भाषण तयार आहे. दाराबाहेर मुलगी कान लावून उभी. थांबतो. मग म्हणतो, 'माहीत नाही, सर.' परीक्षक मान वर न करता म्हणतात, 'बरं, पुढचा प्रश्न.' त्यांच्या लेखी काहीच झालेलं नाही, दिवसात शंभर पोरं त्यांना हेच सांगतात. दाराबाहेर मात्र कुणीतरी फस्सकन हसल्याचा आवाज येतो. म्युझिक नको तिथे, प्लीज.

अर्थात हे सगळं तुम्ही ती सवय घेतलीत तरच. दुसरी सवय निवडलीत तर सीन बदलतील, क्लायमॅक्सचं वाक्यही बदलेल, पण तपासायची पद्धत तीच: सवय पहिल्या दहा पानांत दिसली का, दुसऱ्या संधीतही तिने घोळ घातला का, आणि शेवटी ती एकदाच, एकाच ठिकाणी मोडली का. बदल पान ९० च्या आसपास गेला तरी घाबरू नका, उशीर झाल्याची तक्रार मी प्रेक्षकांकडून कधी ऐकली नाही.

आणि ती डायरी काढाच. वीस वर्षांची मुलगी मनातलं सगळं डायरीत लिहिते आणि ती बापाच्या हाताला लागेल अशी टेबलावर ठेवून जाते, हे मला पान ५८ वर काय, कुठल्याच पानावर पटलं नसतं.